भट्टींतला वारा

गरम पुरणपोळीनें ज्याचें तोंड कधीं पोळलें नाहीं असा मराठी माणूस विरळा. पोळी वरून निवालेली असते, हातास कोमट लागते. पण पहिला घास तोंडांत जातांच आंतलें पुरण जिभेस असा चटका देतें कीं डोळ्यांत पाणी उभें राहतें. त्याच पंक्तींत वाढलेली कटाची आमटी तेवढ्या वेळांत सुखानें भुरकण्याजोगी झालेली असते. एक पदार्थ लवकर निवतो, दुसरा निवतां निवत नाहीं. असें कां व्हावें, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा पंक्तीबरोबरच उठून जातो.

सुमारें सव्वादोनशें वर्षांपूर्वीं एका गृहस्थानें मात्र तो उठूं दिला नाहीं. त्याचें तोंड पुरणानें नव्हे, तर सफरचंदाचें सारण भरून भाजलेल्या इंग्रजी पक्वान्नानें वरचेवर पोळत असे. आणि प्रत्येक वेळीं तो स्वतःस विचारी कीं, हें सारण इतका वेळ उष्णता धरून कसें राहतें? आज शहरांतील अनेक घरांतून 'कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह' या लांबलचक नांवाची जी पेटी ओट्यावर बसलेली दिसते, तिचा अर्धा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो. उरलेला अर्धा फार पुढें, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत घडला. पेटीच्या नांवांतच हे दोन भाग आहेत. 'मायक्रोवेव्ह' म्हणजे सूक्ष्म लहरी, आणि 'कन्व्हेक्शन' म्हणजे अभिसरण, उष्णता अंगावर घेऊन फिरणारा वारा. लहर आणि वारा यांचा संसार एका पेटींत जमण्यास बराच काळ जावा लागला. आणि लग्न जमेपर्यंत दोघांपैकीं एकाचीहि धड प्रतिष्ठा राहिली नव्हती.

सारणानें तोंड भाजून घेणारा हा गृहस्थ म्हणजे बेंजामिन थॉम्सन. त्याचा जन्म इ. स. १७५३ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं झाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें इंग्रजांचा पक्ष धरला, त्यांस गुप्तपणें बातम्या पुरविल्या, आणि १७७६ मध्यें बायको व लहानगी मुलगी मागें टाकून तो लंडनास निघून गेला. माणूस म्हणून त्याच्याविषयीं फारसें प्रेम वाटावें असें त्याचें चरित्र नाहीं. परंतु बुद्धि अशी चौकस कीं, जेथें जाईल तेथें कांहीं ना कांहीं मोजल्याशिवाय त्यास चैन पडत नसे. पुढें तो बव्हेरियाच्या राजदरबारीं चाकरीस राहिला, सैन्याची व्यवस्था त्याच्या हातीं आली, आणि १७९१ मध्यें त्यास 'काउंट' ही पदवी मिळाली. पदवीपुढें त्यानें रम्फर्ड हें नांव घेतलें, तें ज्या गांवीं त्याचें लग्न झालें त्या गांवाचें जुनें नांव होतें. बायको सोडली, पण गांव सोडवलें नाहीं!

म्यूनिकच्या तोफखान्यांत तोफांस भोक पाडतांना निघणारी अमाप उष्णता पाहून उष्णता हा पदार्थ नसून गतीचा प्रकार आहे असें त्यानें १७९८ मध्यें मांडलें, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून येते. त्याच्या स्वयंपाकघरांतील शोधांस मात्र पुस्तकांत जागा मिळत नाहीं. आणि येथें काम त्यांच्याशींच आहे.

मद्यार्क भरलेला एक मोठा उष्णतामापक त्यानें प्रयोगानंतर निवण्यासाठीं खिडकींत ठेवला होता. त्यावर ऊन पडलें होतें. सहज पाहतां नळींतील सगळा द्रव वेगानें हालचाल करीत आहे असें त्यास दिसलें. द्रवांत धुळीचे बारीक कण होते, म्हणून ही हालचाल डोळ्यांस दिसूं शकली. नळीच्या मध्यभागीं प्रवाह वर चढत होता आणि कडेकडेनें खालीं उतरत होता. कडेचा द्रव बाहेरच्या हवेनें निवून जड होई व खालीं जाई. मधला ऊन द्रव हलका असल्यामुळें वर येई. उष्णता एका जागीं बसून कणाकणानें सरकत नव्हती. द्रवच तिला खांद्यावर घेऊन बाहेर नेऊन पोंचवीत होता. १७९७ च्या सुमारास त्यानें हें निरीक्षण प्रसिद्ध केलें. 'कन्व्हेक्शन' हें नांव मात्र या क्रियेस पुढें १८३४ मध्यें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें दिलें.

आतां पुरणाचें कोडें सुटतें. आमटीचें पाणी मोकळें आहे. तें वरखालीं फिरतें, आंतली ऊब पृष्ठभागीं आणतें आणि हवेच्या स्वाधीन करतें. पुरणांतलें पाणी डाळीच्या गरांत अडकून पडलेलें आहे, त्यास फिरण्यास वाट नाहीं. म्हणून ऊब आंतच कोंडून राहते. हवेचेंहि तसेंच. मोकळी हवा उष्णता वाहून नेते; अडवून ठेवलेली हवा उष्णता अडवून धरते. लोंकर, पिसें व केसाळ कातडीं ऊबदार असतात तीं त्यांच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळें, हें रम्फर्डनें प्रयोगांनीं दाखविलें होतें, आणि उष्णतेवरील अशा कामाबद्दल १७९२ मध्यें रॉयल सोसायटीचें कॉप्ले पदक त्यास मिळालें होतें. उत्साहाच्या भरांत त्यानें पुढें असेंहि ठरवून टाकलें कीं, पाणी व हवा यांतून स्वस्थ स्थितींत उष्णता मुळींच वाहत नाहीं. हें चूक होतें. वाहते, पण फार मंद. तरीपण ज्यास स्वयंपाक करावयाचा आहे त्याच्या दृष्टीनें ही चूक अगदीं क्षुल्लक आहे.

कारण भट्टींत ठेवलेल्या प्रत्येक पदार्थाभोंवतीं अशाच स्वस्थ हवेची एक पातळ चादर असते. भट्टी कितीहि तापवा, ही चादर पदार्थाच्या अंगास चिकटून उष्णतेस अडविते. पदार्थांतून निघणारी वाफ त्या चादरींत मिसळून तिला अधिकच दमट करते. चादर उडवून लावावयाची तर वारा पाहिजे.

रम्फर्डनें हें ओळखलें, आणि तो केवळ निबंध लिहून थांबला नाहीं. त्या काळीं युरोपांतील स्वयंपाक उघड्या शेकोटीवर होई. मांसाचा मोठा तुकडा सळईवर चढवून जाळासमोर तासन् तास फिरवीत बसावें लागे, आणि लांकडाची बहुतेक धग धुराड्यावाटे आकाशांत जाई. म्यूनिकमध्यें भिकाऱ्यांसाठीं त्यानें कामाची शाळा काढली होती, तेथें शेंकडों लोकांस रोज बार्ली, वाटाणे व बटाटे यांचें सूप देतांना सरपणाचा हिशेब त्याच्या डोळ्यांत सलूं लागला. त्यानें चुली विटांनीं बंदिस्त केल्या, प्रत्येक भांड्यास स्वतंत्र लहानसा जाळ दिला, आणि भाजण्यासाठीं एक नवी भट्टी रचली. ती 'रम्फर्डची रोस्टर' म्हणून प्रसिद्ध झाली.

ही रोस्टर म्हणजे लोखंडी पत्र्याचा, सुमारें दीड हात लांबीचा एक आडवा नळकांड्यासारखा पिंप. तो भिंतींत विटांनीं बसविलेला असे आणि त्याच्या खालीं लहान जाळ. आंत जाळीवर मांस आणि त्याखालीं पाण्याचें तबक, म्हणजे गळणारी चरबी जळून धूर होऊं नये. इथपर्यंत ती इतर भट्ट्यांसारखीच. पण जाळ व पिंप यांच्या मधून त्यानें दोन लोखंडी नळ्या नेल्या होत्या. त्यांतून बाहेरची हवा जाळाच्या धगीवरून तापत तापत पिंपांत शिरे. वरच्या बाजूस वाफ जाण्यासाठीं आणखी एक नळी, आणि सर्वांस उघडझांप करण्याच्या झडपा. प्रथम हवेच्या नळ्या बंद ठेवून मांस मंद धगीनें आंतपर्यंत शिजूं द्यावयाचें. शिजत आलें कीं जाळ वाढवून झडपा उघडावयाच्या. त्याबरोबर कोरड्या, तापलेल्या हवेचा झोत मांसावरून वाहूं लागे, साचलेली वाफ नळीवाटे निघून जाई, आणि थोड्याच वेळांत पृष्ठभाग खरपूस तांबूस होई. आधीं शिजविणें आणि मग वाऱ्यानें खरपूस करणें, हीं दोन वेगवेगळीं कामें आहेत व त्यांस दोन वेगवेगळ्या योजना लागतात, हें या माणसास इ. स. १८०० पूर्वींच कळलें होतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें मोठमोठ्या यंत्रपंडितांस तिचा विसर पडला.

रोस्टर अमेरिकेंतील सधन घरांतहि गेली. न्यू हॅम्पशायरमधील पोर्टस्मथ गांवीं १८०७ मध्यें बांधलेल्या रंडलेट कुटुंबाच्या घरांत ती आजहि भिंतींत बसविलेली पाहावयास मिळते. परंतु ती बसविण्यास जाणता गवंडी लागे. एकोणिसाव्या शतकांत ओतीव लोखंडाच्या तयार चुली कारखान्यांतून निघूं लागल्या, त्या गाड्यावर घालून कोणाच्याहि घरीं नेतां येत. त्यांच्यापुढें रोस्टर टिकली नाहीं. रम्फर्ड १८१४ मध्यें पॅरिसजवळ वारला, आणि त्याचा वारा त्याच्यामागून गेला.

त्यानें मागें ठेवलेली एक संस्था मात्र जिवंत राहिली. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन १७९९ मध्यें स्थापन करण्यांत त्याचाच पुढाकार होता. तिच्याच तळघरांत मायकेल फॅरडेनें चुंबक व वीज यांचें नातें उकललें. त्यावरून मॅक्सवेलनें विद्युत्-चुंबकीय लहरींचें गणित मांडलें. १८८७-८८ मध्यें हर्ट्झनें त्या लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. हर्ट्झच्या लहरी लांब होत्या. त्या आखूड करून, अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीपर्यंत आणून, त्यांचें परावर्तन व वक्रीभवन टेबलावर दाखविणारा शास्त्रज्ञ कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत निघाला. तो जगदीशचंद्र बोस. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास त्यांनीं भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजविली व दारू पेटविली. दारू लहरीच्या उष्णतेनें पेटली असा समज कोणी करून घेऊं नये. लहरीनें फक्त कळ दाबण्याचें काम केलें. पुढें जानेवारी १८९७ मध्यें बोसांनीं आपलीं उपकरणें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्यासपीठावर मांडलीं. रम्फर्डच्या घरांत सूक्ष्म लहरींनीं पाऊल टाकलें तें असें. पण त्या वेळीं त्यांच्यावर कोणी भात शिजवील हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. त्यांचें बळच तेवढें नव्हतें.

बळ आलें युद्धामुळें. जर्मन विमानें रात्रीं व ढगांआडून शोधून काढावयाचीं तर आखूड लहरींचा प्रखर झोत पाहिजे होता. २१ फेब्रुवारी १९४० रोजीं बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन रँडल व हॅरी बूट या दोघांनीं तयार केलेला पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन प्रथम चालू झाला. तांब्याचा एक ठोकळा, त्यांत मधोमध एक मोठें भोंक व भोंवतीं सहा लहान पोकळ्या. मधल्या तारेपासून निघालेले विद्युत्कण चुंबकाच्या ओढीनें गरगरत पोकळ्यांच्या तोंडांवरून जातात. आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां जशी ती घुमते, तशा त्या पोकळ्या विद्युत्-लहरींनीं घुमूं लागतात. त्याच वर्षीं हा ठोकळा एका काळ्या पेटींत घालून जहाजानें अमेरिकेस पाठविण्यांत आला. इंग्लंडास त्या वेळीं तो हजारोंच्या संख्येनें घडवून घेण्याची निकड होती.

तें काम ज्या कंपन्यांकडे गेलें त्यांत रेथिऑन ही एक होती, आणि तेथें पर्सी स्पेन्सर नांवाचा यंत्रज्ञ होता. १८९४ मध्यें मेन प्रांतांतील एका खेड्यांत जन्मलेला हा मुलगा लहानपणींच आईबापांस अंतरला. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली व गिरणीची नोकरी लागली. नौदलांत शिरून रात्रपाळींत पुस्तकें वाचून तो बिनतारी यंत्रविद्या शिकला. तांब्याचा ठोकळा कोरण्यांत वेळ जातो हें पाहून त्यानें पातळ पत्रे ठोकून, एकावर एक रचून ते भट्टींत जोडण्याची युक्ति काढली, आणि दिवसास बोटांवर मोजण्याइतके निघणारे मॅग्नेट्रॉन पुढें दिवसास २६०० पर्यंत निघूं लागले. विद्यापीठाच्या पदव्या मिरविणाऱ्यांच्या मेळाव्यांत गिरणींतल्या पोऱ्याची ही हिकमत चालून गेली, याचें समाधान कोणास वाटणार नाहीं?

१९४५ मध्यें चालू मॅग्नेट्रॉनपाशीं उभा असतां त्याच्या खिशांतील गोड वडी वितळली. कोणी ती चॉकलेटची म्हणतात, कोणी शेंगदाण्याची. अशीं ऊब इतरांनींहि अनुभवली होती. पण मक्याचे दाणे आणवून ते नळीसमोर धरण्याची बुद्धि स्पेन्सरलाच झाली. दाण्यांच्या लाह्या झाल्या. नंतर अंडें ठेवलें, तें फुटून वांकून पाहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या तोंडावर उडालें. ८ ऑक्टोबर १९४५ रोजीं स्पेन्सरनें पेटंटसाठीं अर्ज केला. तें २४ जानेवारी १९५० रोजीं मंजूर झालें.

लहर अन्न तापविते ती कशी? पाण्याच्या प्रत्येक रेणूस एक टोंक धनविद्युत्चें व एक ऋणविद्युत्चें असतें. घरगुती भट्टींतील लहर सेकंदास २४५ कोटी वेळां आंदोलन पावते. तिच्या तालावर वळण्याच्या खटपटींत रेणू एकमेकांस धक्के देतात आणि त्या घालमेलीची उष्णता होते. पाण्यास हाच ताल विशेष मानवतो म्हणून तो निवडला, असें पुष्कळदां लिहिलेलें आढळतें, तें खरें नव्हे. बिनतारी दळणवळणास अडथळा होऊं नये म्हणून १९४७ मध्यें उद्योगधंद्यांसाठीं राखून दिलेल्या पट्ट्यांपैकीं तो एक आहे. लहर आंतून बाहेर शिजविते, हाहि तसाच एक गैरसमज. ती बाहेरूनच शिरते, पण चुलीच्या धगीप्रमाणें कातडीशीं थांबत नाहीं. एक ते तीन सेंटीमीटर खोल एकदम पोंचते. त्यापलीकडचा गाभा शिजतो तो नेहमींच्या रीतीनें, उष्णता सरकत सरकत. बर्फाचे रेणू जखडलेले असल्यामुळें गोठलेलें अन्न लहर फार थोडी शोषतें. धातूवरून ती परतते. तिची लांबी सुमारें बारा सेंटीमीटर असल्यानें दाराच्या जाळीच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर पडूं शकत नाहीं. आणि क्ष-किरणांप्रमाणें रेणू फोडण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. भट्टी बंद होतांच ती नाहींशी होते, अन्नांत मागें कांहीं राहत नाहीं. दाराच्या फटींतून किती गळती चालेल याची कडक मर्यादा अमेरिकेंत १९७१ पासून कायद्यानें घातलेली आहे.

इतकें सगळें अनुकूल असतांना पहिली भट्टी लोकप्रिय व्हावयास हवी होती. ती झाली नाहीं. १९४७ सालीं आलेल्या 'रेडारेंज'ची उंची माणसाएवढी, वजन सुमारें ३४० किलो, किंमत कांहीं हजार डॉलर, आणि मॅग्नेट्रॉन निववण्यासाठीं पाण्याचा नळ जोडावा लागे. पण हे दोष कालांतरानें जाण्यासारखे होते. खरें दुखणें निराळें होतें. कंपनीच्या मुख्याच्या घरीं अशी एक भट्टी बसविली असतां, मांस खरपूस होईना, बटाट्याच्या फोडी पांढऱ्याफटक व लिबलिबीत राहूं लागल्या, आणि 'ही चेटूकविद्या आहे' असें म्हणून स्वयंपाकी नोकरी सोडून निघून गेला, असें सांगतात. चेटकाचा भाग सोडला, तर स्वयंपाक्याचा निकाल बरोबर होता. यंत्र करणाऱ्यांनीं अन्न गरम होतें किंवा नाहीं एवढेंच पाहिलें होतें. खाणाऱ्याच्या जिभेची व नाकाची साक्ष काढलीच नव्हती.

अन्न खमंग होतें म्हणजे काय होतें, हें १९१२ मध्यें लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें शोधूं घातलें. पिठांतली वा मांसांतली शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांचा उष्णतेनें संयोग होऊन तांबूस रंग व शेंकडों प्रकारचे सुवास निर्माण होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, नानकटाईची कड, सगळ्यांचें मूळ यांतच. पण ही क्रिया झपाट्यानें होण्यास सुमारें १४० अंश सेल्सिअस उष्णतामान लागतें. आणि ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाहीं, कारण तेथें पाणी उकळण्यांतच सगळी ऊब खर्च होते. नुसत्या लहरीच्या भट्टींत तर हवा थंडच असते. आंतली वाफ बाहेर येते, थंड हवेंत पृष्ठभागावर रेंगाळते, आणि पदार्थ आपल्याच घामांत भिजून बसतो. रम्फर्डनें वाफेची नळी आणि वाऱ्याच्या झडपा ठेवल्या होत्या, त्या नेमक्या याचसाठीं. नव्या भट्टींत जाळ आंत शिरला होता, झडपा मात्र कोणी ठेवल्या नव्हत्या.

चमत्कार असा कीं, रम्फर्डचा वारा त्याच १९४५ सालीं दुसरीकडे पुन्हां उठला होता. विल्यम मॅक्सन नांवाचा अमेरिकन यंत्रज्ञ. विमानांवर एकदम चार यंत्रतोफांचा मारा करणारा फिरता गाडा त्याच्या कारखान्यांत तयार होई. दूरच्या पल्ल्याच्या विमानांत सैनिकांस थंडगार डबे खावे लागतात हें पाहून त्यानें शिजवून गोठविलेल्या थाळ्या तयार केल्या, आणि त्या गरम करण्यासाठीं एक हलकी विजेची भट्टी केली. तिच्यांत तापलेल्या तारांवरून पंखा हवा फिरवी, म्हणून तिचें नांव 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ. एका वेळीं सहा थाळ्या सुमारें पाव तासांत तयार होत. १९४७ मध्यें मॅक्सन वारला आणि त्याची खाद्ययोजना बंद पडली. पंखा मात्र पुढें उपाहारगृहांच्या व पाव-बिस्किटांच्या मोठ्या भट्ट्यांत शिरला. अशा रीतीनें लहर व वारा, दोघेंहि एकाच युद्धाच्या कारखान्यांत, एकाच सालीं स्वयंपाकाकडे वळलीं, आणि तीस वर्षें एकमेकांपासून लांब राहिलीं.

मधल्या काळांत लहरीची भट्टी सुधारली. १९५५ मध्यें टॅपन कंपनीनें १२९५ डॉलरांस घरगुती भट्टी काढली, तींत वरच्या अंगास तापणारी तार होती. म्हणजे उणीव कळली होती, पण वारा आठवला नव्हता. लहरी आंतल्या आंत आदळून कोठें जोरदार, कोठें क्षीण होतात, त्यावर जपानच्या शार्प कंपनीनें १९६६ मध्यें फिरती थाळी हा साधा तोडगा काढला. १९६७ मध्यें अमाना कंपनीची ४९५ डॉलरांची भट्टी ओट्यावर मावूं लागली. तरीहि लोक तींत दूध तापवीत, कालची भाजी गरम करीत, आणि भाजण्याचें काम जुन्या भट्टीकडेच राही.

दोघांस एकत्र आणणें वाटतें तितकें सोपें नव्हतें. पेटी २०० अंशांच्या वर तापवावयाची, आणि तिला लागूनच असलेला मॅग्नेट्रॉन मात्र थंड राखावयाचा. पंखा व तारा धातूच्या. त्या लहरीच्या वाटेंत आणून चालत नाहीं, म्हणून त्या मागच्या भिंतीआड, छिद्रांच्या पत्र्यापलीकडे ठेवाव्या लागल्या. छिद्रें अशीं कीं वारा जाईल पण लहर जाणार नाहीं. दार, थाळी, सांधे, सगळें एकाच वेळीं धग व लहर दोन्ही सोसणारें हवें. कोणत्या वेळीं लहर, कोणत्या वेळीं वारा, याची पाळी लावण्यास स्वस्त विद्युत्-घड्याळ व गणकयंत्राचा चिमुकला तुकडा पाहिजे. हें सर्व १९७० नंतरच्या दशकांत जमून आलें, आणि अशा जोड-भट्ट्या बाजारांत येऊं लागल्या. आर्थिक उदारीकरणानंतर भारतांतील शहरी घरांतहि त्या दिसूं लागल्या.

आपल्या स्वयंपाकघरांत भट्टी परंपरेनें नव्हती. नानकटाईचें पीठ, तूप, साखर डब्यांत घालून बेकरीवाल्याकडे नेऊन देण्याची रीत अनेक गांवीं होती. पण भाजण्यास वरूनहि धग लागते हें ज्ञान येथें जुनेंच. कोंकणांत काकडीचें धोंडस करतांना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवीत. गोव्यांतील बेबिंका तर थरावर थर ओतून, प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांनीं लाल करून घेत. जोड-भट्टींत हें काम निखाऱ्यांऐवजीं फिरता वारा करतो, आणि तो सर्व बाजूंनीं करतो.

प्रत्यक्ष व्यवहारांत त्याचा अर्थ असा. साल न काढलेला मोठा बटाटा नुसत्या लहरीनें कांहीं मिनिटांत शिजतो, पण साल ओलसर व चिवट राहते. नुसत्या वाऱ्यानें साल कुरकुरीत होते, पण तास जातो. दोन्ही आळीपाळीनें लावल्यास सुमारें निम्म्या वेळांत आंत मऊ आणि बाहेर खरपूस असा बटाटा हातीं येतो, कोंबडीचें तसेंच. तळण्याच्या जागीं तेलाचा हलका हात लावून भाजतां येत असल्यानें तेलाची बचत होते. केक व नानकटाई यांस लहर मुळींच नको. तेथें नुसता वारा. वारा सर्वत्र सारखा फिरतो म्हणून दोन जाळ्यांवर दोन ताटल्या ठेवल्या तरी त्या जवळजवळ सारख्याच भाजतात. बिनपंख्याच्या भट्टीसाठीं लिहिलेल्या पाककृतींत १८० अंश सांगितले असतील, तर येथें सुमारें १६० पुरतात. चादर उडून गेलेली असते ना! सादळलेली खारी लहरीच्या बाजूस ठेवली तर रबरासारखी होते, वाऱ्याच्या बाजूस ठेवली तर पुन्हां खुसखुशीत होते. ढोकळा, भात, उकडलेल्या भाज्या यांस मात्र ओलावाच पाहिजे, म्हणून त्यांस लहर बरी.

गृहिणींची तक्रार बहुधा अशी असते कीं, महागाची भट्टी घेऊनहि पदार्थ बिघडतो. बिघाडाचें कारण पुष्कळदां भांडें असतें. वाऱ्याच्या वेळीं पत्र्याचा साचा चालतो, किंबहुना तोच चांगला. लहरीच्या वेळीं तोच साचा अडथळा होतो व ठिणग्या उडतात. प्लास्टिकचें भांडें लहरींत एक वेळ तग धरतें, पण तापलेल्या वाऱ्यांत वितळतें. दोन्ही एकत्र असतील तेव्हां उष्णता सोसणारी कांच हाच सुरक्षित मार्ग. यंत्राबरोबर आलेल्या जाळीविषयीं त्याचेंच माहितीपत्रक पाहावें. केकसाठीं पेटी आधीं रिकामी तापवून घ्यावी. लहरीसाठीं मात्र ती कधींहि रिकामी चालवूं नये. कवचासकट अंडें ठेवूं नये. स्पेन्सरच्या सहकाऱ्यानें तो धडा एकदां घेतलेला आहे. गुळगुळीत पेल्यांत नुसतें पाणी फार तापविल्यास तें न उकळतांच १०० अंशांपुढें जातें आणि चमचा घालतांच उसळतें, म्हणून चमचा लांकडी असेल तर तो आधींच आंत ठेवावा. तळण या भट्टींत करूं नये. पुऱ्या व फोडणी शेगडीवरच. वाऱ्याच्या तारा वीज बरीच ओढतात, तेव्हां पंधरा-सोळा अँपिअरची जोडणी असल्याशिवाय ती लावूं नये. आणि काम संपल्यावर पंखा कांहीं मिनिटें आपोआप फिरत राहतो, तो मॅग्नेट्रॉन निवण्यासाठीं असतो, त्या वेळीं भिंतीवरचें बटण बंद करूं नये.